घर बघायला आलेले लोक वर बघत नाहीत

मी स्लॅब बोलतोय. दचकून वर बघितलंत ना? बघा, बघा. निदान या निमित्तानं तरी बघा.

रोह्याहून धाटावला जाणाऱ्या रस्त्यावर डाव्या हाताला दोन खोल्यांचं एक घर आहे. मागे स्वयंपाकघर, पुढे पत्र्याची पडवी. त्या घराचा मी स्लॅब. वय वर्षं चौदा. आमच्यात हे काही जायचं वय नव्हे. नीट जन्माला आलेला स्लॅब पन्नास वर्षं सहज काढतो. मी मात्र उद्या सकाळी फोडला जाणार आहे. खाली ठिकठिकाणी लाकडाचे टेकू लागलेत, सामान पडवीत गेलंय, पंखेही काढून झालेत.

फोडणार याचं दुःख नाही. वैताग आहे, तो माणसांचा. तुम्ही लोक बाजारात साधा माठ घ्यायला गेलात तर बोटानं टिचकी मारून आवाज ऐकता. नारळ कानाशी हलवून बघता. पावशेर वांगी घेताना एकेक उलटी करून भोक शोधता. आणि घर? ज्याच्याखाली पोराबाळांना झोपवायचं ते घर घेताना काय बघता, तर दार पूर्वेला आहे ना आणि नळाला पाणी किती वाजता येतं!

माझा जन्म ब्याऐंशी सालच्या मे महिन्यातला. आमच्या बांधकामाच्या भाषेत 'स्लॅब पडला' म्हणजे काम फत्ते झालं, पेढे वाटायचे. आणि घरात राहणाऱ्यांच्या भाषेत 'स्लॅब पडला' म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. एकाच वाक्यात माझा जन्म आणि मरण दोन्ही बसवून टाकलंय तुम्ही.

तर माझ्या वेळी ठेकेदारानं नदीची रेती कबूल केली होती. ती येईना. पावसाळा तोंडावर आलेला. मग त्यानं धरमतरच्या खाडीतून उपसलेली रेती ट्रक भरून मागवली. कामावर कृष्णाबाई नावाची बाई होती, धरमतरकडच्या मिठागरात जन्म काढलेली. घमेलं भरता भरता तिनं रेतीची चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि थू करून टाकली.

"शेठ, ही रेती खारी हाय."

ठेकेदार म्हणाला, "मग? तुला भाजीत घालायची हाय काय?"

सगळे हसले. कृष्णाबाई हसली नाही. "धुवून तरी घ्या. मीठ लोखंड खातं. आमच्या आगरात दाराची कडी दोन वर्सं टिकत नाय."

मे महिन्यात रेती धुवायला पाणी कुठलं? आणि मजूर बाईचं ऐकून काम थांबवलं, तर ठेकेदार कसला? मला तसाच ओतला. सिमेंट, खडी, ती रेती आणि माझ्या अंगात आडव्याउभ्या बांधलेल्या बोटभर जाडीच्या सळया. त्या सळया म्हणजे माझी हाडं. त्या हाडांना लागूनच मीठ घालून मला वर निजवला.

माझा पहिला मालक विठूशेठ. पोह्यांचा व्यापारी. भाड्यानं द्यायला म्हणून त्यानं घर बांधलं होतं. पहिली पाच वर्षं मलाही काही कळलं नाही. मग स्वयंपाकघरावर, पोटाच्या बाजूला, केसासारखी बारीक चीर गेली. तिच्या कडेनं चहा सांडल्यासारखा डाग उमटला. आत सळई गंजायला लागली होती. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलं की अंगावरचं काँक्रीट ढकलायला लागतं. दुखतं म्हणण्यापेक्षा आतून कोणीतरी सावकाश पाचर ठोकतंय असं वाटतं.

भाडेकरणीनं डाग दाखवला तर विठूशेठ म्हणाला, "गळत असंल वरून." वर गच्चीवर डांबर ओतलं. पुढच्या वर्षी डाग मोठा झाला. पुन्हा डांबर. दुखणं पोटात आणि लेप पाठीवर! मी ओरडून ओरडून सांगितलं असतं, पण आमचं ओरडणं म्हणजे चीर, आणि चिरेवर तुम्ही चुना लावता.

नव्वद साली विठूशेठनं चिरा बुजवल्या, सगळं घर पांढरंशुभ्र रंगवलं आणि विकायला काढलं.

घेतलं ते धनेशनं. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा, मूळचा पेणचा, नवंनवं लग्न झालेला. बरोबर सासरे, एक मित्र आणि एक गुरुजी घेऊन तो घर बघायला आला. सासऱ्यांनी विजेचं मीटर बघितलं. गुरुजींनी देवघराची दिशा बघितली. मित्र गच्चीवर चढला, माझ्या पाठीवर दोनदा पाय आपटले आणि खाली येऊन म्हणाला, "एकदम मजबूत!"

पाय आपटून! म्हशीच्या पाठीवर थाप मारून दूध किती देते ते कळत असेल, तर मग ठीक आहे.

मी मात्र त्या दिवसापासून धनेशच्या संसाराचा झालो. त्याची बायको भूमिका मोठी कामसू. दोन वर्षांत मुलगी झाली. पाळणा माझ्याच कडीला टांगला. पाळणा हलला की कडीच्या भोवती मला बारीक कुरकुर जाणवायची. तिकडे भूमिका गाणं म्हणत असायची आणि इकडे मी जीव मुठीत धरून असायचो. मुलगी पाळण्यातून उतरली, तेव्हा त्या घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला असेल.

पंचाण्णवच्या जुलैमधली दुपार. धनेश पहिल्या शिफ्टला. मुलगी शेजारी खेळायला. भूमिका आतल्या खोलीत खाली बसून सुपात तांदूळ निवडत होती. पावसाची सर आली म्हणून पडवीतले कपडे सरकवायला ती उठून बाहेर गेली. आणि माझ्या पोटाचा एक तुकडा सुटला. ताटाएवढा, चांगला चार बोटं जाड. तो सरळ सुपावर पडला. सूप सपाट झालं, तांदूळ भिंतीपर्यंत उडाले.

ती बाहेर जाईपर्यंत मी धरून ठेवलं, असं सांगायला मला फार आवडेल. पण खोटं कशाला बोलू? ते माझ्या हातात नव्हतं. ती अर्धा मिनिट उशिरा उठली असती तर आज ही गोष्ट मला सांगवली नसती.

भूमिका दारात उभी राहून कितीतरी वेळ नुसती बघत होती. आधी सुपाकडे, मग वर. पाच वर्षं माझ्याखाली राहून त्या दिवशी तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. उघडी पडलेली सळई लालतांबडी, पापुद्रे सुटलेली दिसत होती.

धनेश आला. तोही बघत राहिला. मग म्हणाला, "विकून टाकू."

"आणि घेणाऱ्यानं काय करायचं?" भूमिकेनं विचारलं. "आपल्या डोक्यावरचं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर घालायचं?"

"माझ्या डोक्यावर घातलं तेव्हा विठूशेठनं विचार केला होता? मी फसलो ना? मग?"

"तुम्ही फसलात म्हणजे दुसऱ्याला फसवायचा परवाना मिळाला काय तुम्हाला?"

धनेश वाईट माणूस नाही. हे मी चौदा वर्षांच्या अनुभवानं सांगतो, मी माणसांना टाळूच्या बाजूनं बघितलंय. पण घाबरलेला माणूस फार लवकर विठूशेठ होतो. त्यानं गवंडी बोलावला. भगदाड सिमेंटनं भरलं, वर लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, घासली, रंग मारला. आणि ती खोली सोडून निजायला सगळ्यांना पुढच्या खोलीत आणलं. का, ते मुलीला सांगितलं नाही.

मग शहाण्णवच्या सुरुवातीपासून गिऱ्हाइकं यायला लागली. काय सांगू त्यांची तऱ्हा! एकानं होकायंत्र आणलं होतं. त्यानं संडासाची दिशा तीनदा मोजली. एक बाई टेप घेऊन आली आणि फ्रीज कुठं बसेल ते बघून गेली. एकानं घरातले सगळे नळ सोडून ठेवले आणि बंद करायला विसरला. एकानं मात्र वर बघितलं. मला वाटलं, आला बाबा कोणीतरी! तो म्हणाला, "पंखे ठेवून जाणार ना?"

मार्चमध्ये नाथा आला. धनेशच्याच कंपनीतला, हमरापूरचा. तिथून रोज पेणला यायचं, पेणहून रोह्याची गाडी पकडायची, पुढे धाटाव. रात्रपाळी करून घरी पोचेपर्यंत दिवस डोक्यावर आलेला. पाच वर्षं असं करून माणूस पार पिळून निघाला होता. त्याला घराबिराशी देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त धाटाव जवळ हवं होतं. बरोबर त्याची आई धोंडुबाई आणि बायको प्रतिक्षा. पोरगं शेजारणीकडे ठेवून आलेले.

धोंडुबाईनं उंबऱ्यावर हात ठेवून नमस्कार केला आणि न्हाणीघर बघायला गेली. नाथा पडवीतून बसस्टॉप दिसतो का ते बघत होता. प्रतिक्षा आतल्या खोलीत आली, मधोमध उभी राहिली आणि मान वर करून माझ्याकडे बघायला लागली.

बघतच राहिली.

ही बाई हमरापूरच्या कारखान्यात गणपतींचे डोळे काढायची. मूर्तीचा हात गाडीत तुटला, सोंडेला तडा गेला, की त्यात लांबी भरायची, पॉलिशपेपरनं घासायचं आणि रंग असा मारायचा की गिऱ्हाइकाला जन्मात कळू नये, हे तिचं रोजचं काम. आता तिच्यापासून धनेशचा गवंडी काय लपवणार, कप्पाळ?

तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि दांड्यानं मला ठोकलं. एकीकडे ठण्ण आवाज आला. दुसरीकडे भद्द.

"अहो," तिनं नाथाला हाक मारली, "इथं लांबी भरलीय. आतून पोकळ हाय."

धनेश पटकन म्हणाला, "पंख्याची जागा बदलली वहिनी, तिथलं आहे ते."

भूमिका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती खाली मान घालून परत आत गेली. चहा तसाच घेऊन.

निघताना पडवीत तिघांची वादावादी झाली. पत्रा आणि मी शेजारी शेजारी, सगळं ऐकू येतं.

"घर बघाया आलीस का गणपती?" धोंडुबाई म्हणाली. "एवडं चांगलं घर, पूर्वेला त्वांड. तुजं आपलं भलतंच गो."

"आई, वरती काहीतरी झालंय. लपवलंय. मला दिसतंय."

"धनेश माझ्या डिपार्टमेंटला हाय," नाथा म्हणाला. "रोज एका टेबलावर डबा खातो आम्ही. त्याला काय सांगू, तुझ्यावर विश्वास नाय?"

"धनेशभावजींवर ठेवा की विश्वास. स्लॅबवर कशाला ठेवता? तो काय तुमच्यासंगं डबा खातो?"

मला हसता येत असतं तर अजून दोन चिरा गेल्या असत्या.

प्रतिक्षाच्या डोक्यात एक माणूस होता. अब्राहमकाका. रोह्यात राहणारे, सरकारी बांधकाम खात्यात सव्वीस वर्षं ओव्हरसियर. त्यांच्या ज्यू समाजाची बहुतेक घरं केव्हाच इस्रायलला गेली, ही दोघं नवरा-बायको मागे राहिलेली. प्रतिक्षाच्या माहेरी एक समाजमंदिर होतं. नोकरीत असताना याच काकांनी ते बघून सांगितलं होतं की आत माणूस बसवू नका. गावानं त्यांना शिव्या घातल्या, चालू लग्नाचा मांडव बाहेर काढायला लावला म्हणून. त्याच पावसाळ्यात छप्पर बसलं. आत कोणी नव्हतं. प्रतिक्षा तेव्हा दहा वर्षांची होती, त्या लग्नात जेवायला गेलेली.

ती स्वतः जाऊन काकांना भेटली. काकांनी आधीच फी सांगितली. नाथा कुरकुरला, "नुसतं बघायची फी?" काका म्हणाले, "फुकट सांगितलेलं कोणी ऐकत नाही, हे मी नोकरीत शिकलो. आणि शनिवारी येणार नाही. रविवारी येईन."

आणि आले. पांढरा हाफ शर्ट, पायात रबरी बूट, हातात कापडी पिशवी. पिशवीत एक लहान हातोडा, बॅटरी, टेप, ओळंबा आणि खडू.

धनेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. "नाथा, हे काय? ओव्हरसियर आणलास? मला चोर समजतोस?"

काकांनी बूट काढता काढता शांतपणे सांगितलं, "तुम्हाला बघायला आलो नाही हो मी. घराला बघायला आलोय. घरानं तक्रार केली तर सांगा."

मी? मी तर हरखून गेलो होतो!

पण ते आधी माझ्याकडे आलेच नाहीत. घराभोवती चक्कर मारली. जोतं बघितलं, कुठं खचलंय का. भिंतीला ओळंबा लावला. पिलर ठोकले. गच्चीवर जाऊन बादलीभर पाणी ओतलं आणि ते कुठं जातं ते बघत बसले. न्हाणीघरातल्या मोरीत बॅटरी मारली. मीटरच्या पेटीत डोकं घातलं. दीड तास झाला. धोंडुबाई पडवीत बसून जांभया देत होती. "पोरगी बघाया आलेली मानसं बी एवडी बघत नायत," ती म्हणाली.

मग काकांनी स्टूल मागितलं आणि माझ्याखाली चढले.

टक. टक. टक. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला वीतवीत करून ठोकून ऐकत होतं. चांगला आवाज आला की पुढे. भद्द आला की खडूनं वर्तुळ. पुढची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. खाली उतरले तेव्हा माझ्या पोटावर अकरा वर्तुळं होती.

"एका ठिकाणी फोडून बघायला लागेल," काका म्हणाले.

"हात लावायचा नाही!" धनेश ओरडला. "अजून माझं घर आहे हे!"

"फोडू द्या."

आवाज आतून आला. भूमिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुलीला तिनं घट्ट जवळ धरलं होतं.

"अगं, तू गप्प..."

"गप्पच होते. आठ महिने गप्प होते." ती प्रतिक्षाकडे बघून बोलायला लागली. "ताई, हिथं पडला होता तुकडा. एवढा. मी हिथंच बसले होते, सूप घेऊन. कपडे काढायला उठले म्हणून वाचले. पंख्याबिंख्याचं काही नाही. तुम्ही त्या दिवशी झाडूनं ठोकलंत ना, तेव्हापासून मला जेवण जात नाही."

धनेश स्टुलासमोरून बाजूला झाला.

काकांनी दोन घाव घातले. गवंड्याचं सगळं काम पोपडा होऊन खाली आलं. त्यांनी सळईवर नख ओढलं, गंजाची खपली हातात आली. आत उरलेली सळई पेन्सिलीएवढी.

"रेती कुठली वापरली होती?" त्यांनी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. धरमतर, धरमतर, असं मी किती ओरडलो असेन!

"खाडीची असणार," काका स्वतःच म्हणाले. "धुतली नाही. मीठ आतच राहिलं, ते आता सळया खातंय." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ऐका. जोतं चांगलं, पिलर चांगले, बीमला थोडं काम आहे, पण होईल. भिंती सरळ आहेत. स्लॅब मात्र गेला. डागडुजी करून उपयोग नाही. तो काढायचा आणि नवीन घालायचा. तोपर्यंत खाली कोणी झोपू नये. घेणाऱ्यानं नाही आणि विकणाऱ्यानंही नाही."

आता तुम्हाला वाटेल, झालं, डोळे उघडले सगळ्यांचे. छे! नाथा माझ्याकडे बघून डोकं खाजवत म्हणाला, "पण काका, सिमेंटचा एक जाड हात मारला तर? दोन-चार वर्षं निघतील ना?"

आणि धोंडुबाई म्हणाली, "चौदा वर्सं उभा हाय. त्यो काय आमी आलो म्हंजी पडंल व्हय?"

हे ऐकून मला खरंच वाटलं, एक तुकडा सोडावाच. इथंच, आत्ताच, मधल्या रिकाम्या जागेत. म्हणजे तरी पटेल. फी देऊन माणूस आणायचा, त्यानं हातात सळई काढून दाखवायची, आणि तरी त्याच्याशी घासाघीस करायची, की बाबा, थोडं कमी धोक्याचं करून दे!

काकांनी हातोडा पिशवीत टाकला. "मी सांगायचं काम केलं. राहायचं तुम्हाला आहे."

प्रतिक्षानं फक्त एवढंच विचारलं, "अहो, तुमची रात्रपाळी असते. हिथं आई, मी आणि पोरगं झोपणार. तुम्ही कंपनीत काय करत बसाल? मशीन बघाल का आमची काळजी?"

नाथा चपला घालून म्हणाला, "चल." घर त्यांनी घेतलं नाही. पुढे कळलं, अष्टमी गावाच्या बाजूला एक कौलारू घर मिळालं त्यांना. तेही आधी काकांना दाखवून. त्या वेळी म्हणे धोंडुबाईच म्हणाली, "आधी त्या टकटकवाल्याला बोलवा गो."

सगळे गेल्यावर घरात तिघंच राहिली. धनेशनं ओलं फडकं घेतलं, स्टूल ओढलं आणि खडूची वर्तुळं पुसायला लागला. मला वाटलं, संपलं. हा पुसणार, पुन्हा लांबी मारणार, पुन्हा होकायंत्रवाला येणार. त्यानं एक पुसलं. दुसरं पुसलं. तिसरंही पुसलं. चौथ्यासाठी स्टूल सरकवायला गेला, तर ते खाटेला अडलं. त्यानं खाली बघितलं. मुलीची खाट होती. पुढच्या खोलीतली, जिथं त्यानं तिला सुरक्षित म्हणून आणून झोपवली होती. त्यानं वर बघितलं. वर्तुळ बरोबर तिच्या उशीवर होतं.

फडकं त्याच्या हातातून पडलं. त्यानं एकट्यानं ती लोखंडी खाट ओढत, फरशीवर ओरखडे पाडत, पडवीकडे न्यायला घेतली. भूमिका दुसरी बाजू धरायला पुढे झाली.

दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून तो सरळ अब्राहमकाकांकडे गेला. परत येऊन भूमिकेला म्हणाला, "मी त्यांना म्हटलं, विकायचं सोडा, आम्ही राहायचं कसं ते सांगा. तर हसले. म्हणाले, मी कालच टेकू किती लागतील ते मोजून ठेवलंय."

पावसाळाभर ती तिघं पडवीत राहिली. पत्रा इतका वाजायचा की एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. भूमिकेनं बाजूला ताडपत्री लावून चूल मांडली. मी आत एकटा, टेकूंवर रेललेला. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्याखाली कोणी नव्हतं. खरं सांगू? इतका निवांत मी कधीच नव्हतो.

नवीन स्लॅबचा नकाशा काकांनीच काढून दिला. त्यांचा मुलगा आरोन इस्रायलला बोलावतोय, बायको सारा सामान बांधून बसलीय, पण त्यांनी जाणं महिनाभर पुढे ढकललं. "हे एवढं पाडून जातो," असं ते म्हणतात. जाण्याआधी त्यांनी धनेशला एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिलाय. पेणची शांती म्हणून इंजिनीअर मुलगी आहे, त्यांच्या हाताखाली शिकलेली. यापुढे घर दाखवायचं तर तिला दाखवा, म्हणाले.

सगळं नीट होतंय, मग वैताग कसला, असं विचाराल. तर ऐका. हे आजच घडलंय.

शेजारी हितेशचं घर आहे. ते बांधणारा ठेकेदार तोच. उन्हाळा तोच. माझ्यानंतर आठ दिवसांनी ते भरलं, त्याच ढिगातल्या उरलेल्या रेतीनं. हितेशला नोकरीसाठी दुसरीकडे जायचंय, म्हणून त्यानं घर विकायला काढलंय. कालच पिस्ता रंग मारून झाला. आज सकाळी तो कंबरेवर हात ठेवून आमच्या अंगणात उभा राहिला आणि टेकूंकडे बघून हसला.

"धनेश, तुझा नशिबानं खराब निघाला रे. आमचा बघ, एक चीर नाय."

"काल रंग मारलास ना," अब्राहमकाका म्हणाले. "मी इथं आहेच, दहा मिनिटं ठोकून बघू? फी नको."

"नको नको, काका. रंग खराब होईल. रविवारी दहाच्या गाडीनं पार्टी येतेय."

रंग खराब होईल! आता बोला.

उद्या सकाळी घण येतील. माझे तुकडे अंगणात पडतील आणि सळया भंगारवाला घेऊन जाईल. रविवारी मी नसेन. म्हणून रविवारी दहाच्या गाडीनं येणाऱ्या माणसा, तू कोण आहेस मला माहीत नाही, पण तुलाच सांगतोय. तू पिस्ता रंगाच्या घराकडे वळशील तेव्हा शेजारच्या पडवीतून एक बाई तुला हाक मारील. आजच संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलंय, "रविवारी मी पडवीतून हलणार नाही. हितेशभावजी जन्मभर बोलले नाहीत तरी चालतील." धनेशनं मान डोलावली आणि ती चिठ्ठी तिच्या हातात दिली.

हितेश तुला सांगेल, शेजारीण भांडकुदळ आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. तुझी बायको तुला सांगेल, उशीर होतोय, चला. तुला स्वतःलाही वाटेल, उगाच कशाला नसती भानगड.

थांब. दोन मिनिटं थांब, आणि ती काय सांगते ते ऐक.